महापौरांची रिकामी बाही

आमच्या जावईबापूंना, म्हणजे ओबादायाला, एखादं काम सांगावं तर तो ते अर्धंच करतो आणि कौतुक मात्र पूर्ण मागतो. माझ्या थर्झाने त्याच्यात काय पाहिलं ते तिलाच ठाऊक. उंची पाहिली असेल. उंची आहे.

आमचं चित्रांचं दुकान. किल्ले, चर्चं, पूल, राजे, सेनापती, कुणाचंही मागा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, कागदावर छापलेलं आणि हाताने रंगवलेलं मिळेल. पण दुकान पडलं कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत. गिऱ्हाईक नाक धरून येतं आणि चित्र न बघताच पळतं. म्हणून नदीवर नवा पूल व्हायला लागला तेव्हापासून त्याच्या तोंडाशी असलेल्या दगडी कोनाड्यावर माझा डोळा होता. तिथे एकच दुकान मावणार. ते माझं की दुसऱ्या चित्रवाल्या पिनकचं, हे महापौर क्रॅबट्री उद्घाटनाच्या दिवशी दोघांची चित्रं बघून ठरवणार होते. चित्रात मागे पूल हवा, पुढे महापौर.

"त्यांच्या घरी जा, समोर बस आणि नखशिखान्त काढून आण," असं मी ओबादायाला बजावलं होतं. तो गेला, चेहरा तेवढा काढला, आणि भूक लागली म्हणून परत आला.

आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. राजा मेला म्हणून नव्या राजासाठी कुणी नवा पत्रा घेत नाही. जुन्याचं डोकं घासून सपाट करायचं आणि त्याच मानेवर नव्याचं कोरायचं. कोट, तलवार, पोट सगळं तेच. ओबादायाने तेच केलं. माळ्यावरून ॲडमिरल ग्रिमशॉंचा पत्रा काढला, त्यांचं मुंडकं घासलं, तिथे महापौर बसवले, समुद्राच्या जागी पूल कोरला आणि झोपला.

ॲडमिरल ग्रिमशॉंचा उजवा हात तोफेच्या गोळ्याने उडाला होता.

उद्घाटनाच्या सकाळी मी पुलापाशी मेज मांडून बसले होते. काय ती गर्दी! बँड वाजतोय, पताका फडफडतायत, आल्याच्या केकचा वास सुटलाय, पोरं दिव्याच्या खांबांवर चढलीत. माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं. थर्झा आणि माझी नणंद डॉर्कस ओल्या रंगाचे गठ्ठे घेऊन धापा टाकत आल्या, आणि मी न बघताच विकायला सुरुवात केली. पहिलं चित्र घेतलं जमायमा कोळणीने.

"काय गं केझाया," ती म्हणाली, "यांचा हात कुठाय?"

"कुणाचा?"

"महापौरांचा. बाही आहे, पण आत कुणीच नाही."

मी पाहिलं. कोटाची उजवी बाही छातीवर टाचलेली.

"डॉर्कस! अगं, तुला दिसलं नाही?"

"वहिनी, मला निळा कोट दिला, मी निळा कोट रंगवला. आत माणूस किती आहे ते बघणं माझं काम नाही."

"थर्झा?"

"मी फक्त गाल करते, आई."

तेवढ्यात जावईबापू आले, केक चघळत. "चेहरा हुबेहूब आलाय ना, आई?"

"चेहरा हुबेहूब आलाय रे मेल्या, हाताचं काय?"

त्याने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जमायमा कमरेवर हात ठेवून उभीच होती. घाबरून त्याच्या तोंडून निघालं, "तो... तो पुलाच्या कामात गेला."

जमायमाच्या टोपलीत त्या दिवशी मासे नव्हते, सडकी अंडी होती. निम्म्या गर्दीकडे होती. पुलासाठी महापौरांनी नावाड्यांचं पोट मारलं होतं आणि बेकऱ्यांची अख्खी ओळ पाडली होती. त्याचा हिशोब आज चुकता व्हायचा होता. पण तिने टोपली खाली ठेवली आणि शालीच्या टोकाने डोळे पुसले.

"एवढं सोसलं, आणि बोलले नाहीत हो!"

मग ती बातमी अशी सुटली की विचारू नका. पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत महापौरांनी कोसळत्या कमानीखालून एक गवंडी ओढून काढला होता. पलीकडच्या टोकाला तीन काढले होते, आणि त्यांतला एक दारूच्या गुत्त्यात "तो मीच!" म्हणून फुकटची बिअर पीत बसला होता. माझ्या मेजावर झुंबड उडाली. बिचाऱ्या पिनकचं चित्र खरोखर सुरेख होतं, दोन्ही हात जागच्या जागी. त्याच्यावर बायका तुटून पडल्या. "लाज नाही वाटत? त्यांनी गावासाठी दिलेला हात तू परत चिकटवतोस?" पिनकने गाशा गुंडाळला.

आणि महापौरांची बग्गी वळणावर दिसली. धडधाकट माणूस, दोन्ही हात हलवत. आता खरं काय ते गावाला दिसणार, कोनाडा जाणार, आणि अंडी आमच्यावर पडणार. मी झगा उचलला आणि पळत सुटले. धावत्या बग्गीचं दार उघडून आत घुसले आणि चित्र त्यांच्या मांडीवर टाकलं.

"बाई, हा काय चावटपणा? माझा हात कुठाय?"

"साहेब, आधी बाहेर बघा."

त्यांनी पडदा सारला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक टोप्या काढून उभे. म्हातारे रडतायत. कुणीतरी ओरडलं, "क्रॅबट्री जिंदाबाद!" त्या माणसाच्या नावाने आजवर लोक फक्त थुंकले होते. त्यांचा खालचा ओठ थरथरला.

"हे... माझ्यासाठी?"

"हातासाठी. दोन हातांचे उतरलात तर अंडी आहेत. एका हाताचे उतरलात तर हार आहेत. पटकन बोला."

त्यांनी उजवा हात निमूटपणे कोटाच्या आत घेतला. मी माझ्या शालीची पिन काढून बाही टाचली.

डाव्या हाताने त्यांना रिबीन कापता येईना. कात्री घसरे, आणि दर घसरणीला गर्दी हुंदका देई. त्यात नाकावर गांधीलमाशी बसली. कोटाच्या आत हात वळवळायला लागला. मी डोळे मिटून घेतले.

"बघा गं बघा!" जमायमाने टाहो फोडला. "गेलेला हात अजून धडपडतोय!"

लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. खांद्यावरूनच त्यांनी कोनाडा मला जाहीर केला.

आता दर रविवारी चर्चला जाण्याआधी महापौरांची बग्गी आमच्या कोनाड्यापाशी थांबते. मी आत जाते, बाही टाचते, बाहेर येते. पुढची निवडणूक झाली की हात परत आणू, असं ते म्हणतात. कसा आणणार ते मी विचारत नाही.

काल ओबादाया पाय पसरून बसला होता. आता बिशपसाहेबांचं चित्र करतोय. माळ्यावर एका घोडेस्वाराचा पत्रा सापडलाय म्हणे. मला म्हणतो, "आई, आता तरी कबूल करा, मला अक्कल आहे."

मी मेज पुसत होते. म्हटलं, "ओबादाया, तुला अक्कल नाही हे मला तुझ्या लग्नातच कळलं होतं. पण अख्खं गाव तुझ्याहून बिनडोक निघालं, हे तुझं नशीब. त्या नशिबाला तू अक्कल म्हणू नकोस. आणि बिशपसाहेबांना घोड्यावरून खाली उतरव."