तात्यांचं वाळू संग्रहालय

शिवाजी पेठेत कुणी गावाला निघालं की बाकीचे लोक म्हणतात, "जपून जावा." आमच्या शेजारचे हिंदुरावतात्या म्हणतात, "मूठभर वाळू आणा." माणूस देवाला निघालेला असो नाहीतर लेकीच्या डोहाळजेवणाला, त्यांना फरक पडत नाही. समोरच्या काकू ऑपरेशनसाठी मुंबईला निघाल्या होत्या, तर तात्यांनी गाडीच्या खिडकीतून त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी कोंबली. "दवाखान्यापासनं चौपाटी जवळच हाय की!"

तात्या चाळीस वर्षं एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळू ठोकून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. वाळूत ओल जास्त झाली तर लोखंड उसळतं, कमी झाली तर साचा ढासळतो. तात्या ते मुठीत आवळून सांगायचे. पुढे कारखान्यात ओल मोजायचं यंत्र आलं, तर तात्यांनी आधी त्या यंत्राचीच परीक्षा घेतली म्हणे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत हे संग्रहालय काढलं. दारावर पाटी आहे: 'वाळू संग्रहालय. चपला बाहेर, हात आत.'

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मागे हात बांधून, संग्रहालयात उभं राहतात तसा उभा होतो. भिंतभर फळ्या, त्यांवर लोणच्याच्या बरण्या, कॉफीच्या बाटल्या, एक दुधाची किटलीसुद्धा. काळी, पांढरी, विटकरी, सोनेरी वाळू. प्रत्येकीवर गावाचं नाव.

"मास्तर, नुसतं बघताय काय? सिनेमा हाय व्हय? मूठ आवळा!"

मी एका बरणीत हात घालून आवळली. बोटांच्या फटीतून सगळी वाळू सांडली.

"ही लाजरी हाय. थांबत न्हाय कुणाजवळ. आता ही घ्या. ही हेकट. बोचती का न्हाय?"

बोचत होती. तासाभराने मी बाहेर आलो तेव्हा वाळूला स्वभाव असतो हे मला पटलं होतं आणि सांडलेल्या वाळूने माझे दोन्ही खिसे जड झाले होते.

गेल्या मे महिन्यात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. तात्यांनी पिशवी दिलीच होती. तीन दिवस समुद्रावर काढले, मासे खाल्ले, फोटो काढले आणि वाळू साफ विसरलो. आठवण झाली ती घाट चढून आल्यावर.

आता काय करायचं? गल्लीच्या तोंडाला एक बांधकाम चालू होतं. तिथली दोन मुठी वाळू उचलली, चहाच्या गाळणीने दोनदा चाळली आणि समुद्राची वाटावी म्हणून चिमूटभर मीठ टाकलं.

तात्यांनी पिशवी उघडली. मूठ आवळली. सोडली. एक कण जिभेवर ठेवला. मी छताकडे बघत होतो. मग त्यांनी रिकामी बरणी पुसली, वाळू भरली आणि चिठ्ठीवर सावकाश लिहिलं, 'गणपतीपुळे'. बरणी फळीवर गेली, आणि मला काही ते सोसेना.

"तात्या, ही गणपतीपुळ्याची नाही."

"म्हाईत हाय की. खडी फोडून केल्याली वाळू हाय ही. आन मीठ जरा जास्त झालंय."

मी ओशाळून गेलो. ते मात्र हसत होते. "तुमी एकटं न्हाय, मास्तर. ही रामेश्वरची बघा. गल्लीच्या तोंडच्या त्याच बांधकामावरली. ती राजस्थानची, रंकाळा तळ्याच्या कडंची. निम्म्या बरण्या तसल्याच हाईत."

"मग माहीत असून ठेवता कशाला?"

तात्या बरणीचं झाकण पिळत राहिले. "वाळू द्यायला माणूस येतोय. आला की बसतोय. कुटं गेलतो, काय बगितलं, सांगतोय. ही खोटी हाय म्हणून माघारी दिली तर परत कोण येईल?"

ते आत गेले आणि स्वतःच चहा करून घेऊन आले. "बायकू धा वर्सं अंथरुणाला हुती. तिला सोडून कुटं जायला आलं न्हाय. ती गेली, आन मग एकट्यानं जायाचं मन झालं न्हाय. समुद्र म्या अजून बगितल्याला न्हाय."

चाळीस वर्षं वाळूत काढलेला माणूस! तात्यांनी कप पुढे केला. "वाळूचं ऱ्हाऊ द्या. तुमी गेलता ते तर खरं हाय न्हवं? सांगा की."

मी सांगत गेलो. संध्याकाळी पाण्याचा रंग कसा होतो, लाट कशी फुटते, खारं वारं तोंडाला कसं चिकटतं. तात्या मान खाली घालून ऐकत होते. चहा संपला, तसा मी उठलो.

"बसा की," ते म्हणाले. "लाट माघारी जाताना पायाखालची वाळू सरकती म्हणत्यात. तवा कसं वाटतंय?"

मी पुन्हा बसलो.