साथसंगतचा वाचक

निमकरांसमोर गाण्याबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती. काल रेडिओवर ठुमरी बरी लागली होती, एवढं कुणी म्हणायचा अवकाश, यांनी खिशातून चिठ्ठी काढलीच. चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "छापू का?" आमची ही एकदा सब्जीवाल्याच्या आरोळीला "सूर बरा आहे मेल्याचा" म्हणाली, तर तेही पुढच्या अंकात. खाली नाव, सौ. गजभिये, तेलीबाग. तेव्हापासून ती त्यांच्याशी फक्त हवापाण्याचं बोलायची.

गृहस्थ एका संशोधन संस्थेत शेवाळावर काम करत. मूळचे सांगलीकडचे, लग्न न केलेले, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. मी नागपूरचा, डाक खात्यातला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बदली होऊन लखनऊला आलो तेव्हा आसपास मराठी बोलणारं तेवढंच एक घर. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की ते नियतकालिक काढणार, 'साथसंगत' नावाचं. विषय लखनऊचं गाणंबजावणं आणि भाषा मराठी. म्हटलं, अहो बाप्पा, इथं वाचणार कोण? तर म्हणे, इथं कशाला, तिकडे वाचतील.

पहिल्या अंकाच्या चाळीस प्रती सायक्लोस्टाइल केल्या. हिंदी टाइपरायटरवर ळ नव्हता, म्हणून एकेक ळ त्यांनी स्टेन्सिलवर हातानं कोरला. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून ते जुन्या शहरातल्या चौक नावाच्या वस्तीत जायचे. तिथले म्हातारे सारंगिये, तबलजी बोलायचे आणि हे लिहून घ्यायचे. अंक निघाला की पुन्हा जाऊन तो हिंदीत वाचून दाखवायचे. एक खाँसाहेब त्यांना म्हणाले होते, "निमकर साहब, आप हमारी तारीफ़ भी ऐसी ज़बान में करते हैं कि हमें पता न चले." निमकरांनी ते चौकटीत छापलं.

पुढे अमीनाबादेत छापखाना मिळाला. चाळिसाच्या तीनशे प्रती झाल्या, अंक इंदूर, नागपूर, बेळगावपर्यंत जाऊ लागला. तिकिटं चिकटवायला मी. पहिली प्रत मानानं मला मिळायची आणि मी ती मानानं कपाटावर ठेवायचो. खोटं कशाला बोलू, वाचली एकही नाही. गाण्यातलं मला काय कळतं, कपाळ!

अंकात 'वाचक लिहितात' असं सदर होतं, तेवढं तिकिटं चिकटवताना नजरेखालून जायचं. इंदूरचे एक जण निमकरांना झोडपायचे, पुण्याच्या एक बाई इंदूरकरांना झोडपायच्या. मला हसू यायचं, कारण निमकरांच्या नावानं किती टपाल येतं ते आमच्या पोस्टमनइतकंच मलाही ठाऊक होतं. दिवाळीला बहिणीचं कार्ड, बस्स. दोन्ही भांडखोर निमकरच होते.

अकराव्या वर्षी एका सकाळी कुंड्यांना पाणी घालता घालता ते म्हणाले, पुढचा अंक शेवटचा. अकरा वर्षं हाका मारतोय, कुणी ओ देत नाही. मला ते फार लागलं. घरी येऊन कपाटावरचा ताजा अंक काढला आणि पहिल्यांदा वाचला. त्यात एका सारंगियावर लेख होता. जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यामागे वाजवलं, पण घरी जाताना त्याला कुणी थांब म्हटलं नाही. वाचताना माझे डोळे भरून आले. मग बसून चार पानांचं पत्र लिहिलं, खाली शेषराव मेश्राम, चंद्रपूर अशी सही केली आणि नेऊन पेटीत टाकलं.

निमकर बदलूनच गेले. पत्र पहिल्या पानावर छापलं, अंक बंद करायची भाषा थांबली. मी खूश होतो. महिन्याभरानं ते म्हणाले, रजा टाकलीये, चंद्रपूरला जाऊन मेश्रामांना भेटून येतो. माझं जेवणावरचं लक्ष उडालं. ही म्हणाली, "घातलाय ना घोळ, आता निस्तरा." पोरगी म्हणाली, "पापा, बता दो ना अंकल को."

गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

निमकर शांतपणे म्हणाले, "गजभिये, पाकिटावर शिक्का तेलीबागेचा होता."

आयुष्य शिक्क्यांत गेलेला माणूस मी! मान वर करवेना. म्हटलं, मग चंद्रपूरचं काय?

"कुठेही जात नव्हतो. तसं म्हटल्याशिवाय तुम्ही आला नसता."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"सारंगियाबद्दल जे लिहिलंत, ते अंक वाचून लिहिलंत ना?"

"हो. पहिल्यांदाच वाचला."

त्यांनी खुर्चीवरचा अंकांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"मग बसा ना थोडं. अकरा वर्षांत याबद्दल बोलायला कुणी आलंच नाही."