ओजस पास झाला त्याची हकीकत

लिफ्टमध्ये अकरा बटणं आहेत. त्यातलं एक धोक्याच्या घंटेचं.

पांढरा पंखा. तीन पाती. एका पात्याचा स्क्रू ढिला.

निबंधाचा विषय: माझा आवडता पक्षी. ओजसचं उत्तर: मला आवडता पक्षी नाही. गुण: शून्य.

बेसनाचे लाडू, बारा नग, स्टीलच्या डब्यात. परत आले अकरा.

पाचव्या मजल्यावरचा प्रांजल दहावीला आहे. त्याला कसलाही त्रास नाही. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं आहे.

वरील सर्व बाबी एकाच प्रकरणातल्या आहेत. प्रकरण पुढीलप्रमाणे.

ओजस नऊ वर्षांचा, मुलुंड पूर्वेला सातव्या मजल्यावर राहणारा. तो पाच वर्षांचा असताना एका डॉक्टरीणबाईंनी त्याला तीन दिवस निवांत पाहिलं आणि स्वमग्नता आणि अतिचंचलता असं निदान लिहून दिलं. शाळेने ते निदान चार वर्षं मानलं. मग शाळेच्या प्रवेशदालनात 'ही शाळा सर्वसमावेशक आहे' अशी काचेची पाटी लागली, आणि ज्या आठवड्यात पाटी लागली त्याच आठवड्यात ओजसच्या घरी पत्र आलं.

पत्रात म्हटलं होतं: 'आपला पाल्य वर्गात एका जागी बसत नाही, तासाच्या मध्येच पंख्याचे बटण बंद करतो व परीक्षेत प्रश्नांची उत्तरे खरी देतो. सर्वसमावेशक धोरणानुसार त्यास सवलती देणेकामी शाळा उत्सुक आहे. तरी सक्षम शासकीय वैद्यकीय मंडळाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र ३१ जानेवारीपूर्वी सादर करावे. अन्यथा पाचवीकरिता पाल्यास अनुकूल अशी अन्य शाळा पालकांनी शोधावी.'

ओजसची आई शुभा मुख्याध्यापिकांना भेटली.

"डॉक्टरांचा रिपोर्ट आहे ना तुमच्याकडे."

"तो खाजगी आहे, मॅडम."

"म्हणजे चुकीचा आहे?"

"चुकीचा नाही हो. बरोबरच आहे. पण खाजगी आहे."

शुभा औषध कंपनीत कागदपत्रं तपासण्याच्या खात्यात होती. आपल्या कामाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं, ते तिला त्या दिवशी कळलं. मंडळाकडे अर्ज केला. मंडळ फक्त सोमवारी बसतं. ऑगस्टात अर्ज केला म्हणून जानेवारीतला सोमवार मिळाला, हे नशीब.

इथे ओजसचे आजोबा या प्रकरणात शिरतात. विद्याधर, घरात आबा. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली. साहेबासमोर जाताना केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा आणि उत्तर तोंडावर हवं, या तीन गोष्टींवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. शिवाय या घराची एक रीत होती. या घरातलं कोणीही कोणत्याही परीक्षेला तयारी न करता गेलेलं नव्हतं. ओजसचा बाप मिहिर चौथी आणि सातवी, दोन्ही स्कॉलरशिपवाला. रक्ततपासणीलासुद्धा तो आदल्या दिवशी वाचून गेला होता.

"तारीख मिळाली म्हणजे तयारी आली," आबा म्हणाले, आणि त्यांनी जुन्या पॅडवर प्रश्नसंच काढला. नाव काय. इयत्ता कोणती. समोर बघून बोल. हात मांडीवर. साहेबांची विचारपूस कर.

रोज संध्याकाळी सहाला सराव. ओजसला जे रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने होतं ते सगळं आवडतं. पहिल्या महिन्यात तो उत्तर भिंतीला द्यायचा. दुसऱ्या महिन्यात आबांच्या चष्म्याला. नोव्हेंबरात एका गुरुवारी त्याने सरळ आबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "माझं नाव ओजस," आणि आबा उठून पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

यात काहीतरी चुकतंय असं शुभाला वाटत होतं. पण मुलगा डोळ्यांत बघून बोलतोय, ते चुकतंय असं कोणत्या तोंडाने म्हणायचं, हे तिला कळेना.

"मिहिर, अरे, आपण त्याला कशासाठी नेतोय ते आबांच्या लक्षात आहे ना?"

"असेल गं. चांगलं इंप्रेशन पडलं तर वाईट काय आहे."

सोमवार उजाडला. टोकन नंबर त्रेचाळीस. प्रतीक्षालयात एक पांढरा पंखा गरगरत होता. ओजस बाकावर बसला, हात मांडीवर, नजर पंख्यावर. शेजारच्या बायका आपापल्या पोरांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या. दारावरच्या शिपायाने तर दोनदा येऊन पाहिलं आणि आत जाऊन सांगितलं. टोकन लागलं तेव्हा चार तास अकरा मिनिटं झाली होती.

आत तीन सदस्य होते. मधल्यांनी विचारलं, "नाव काय, बाळ?"

"नमस्कार. माझं नाव ओजस. मी इयत्ता चौथीत शिकतो. आपण कसे आहात?"

मधल्या सदस्यांनी पेन खाली ठेवलं. या खुर्चीवर बसल्यापासून त्यांना हे कोणीच विचारलं नव्हतं.

"बरा आहे. गुडघे दुखतात जरा."

"मग मांडी घालून बसू नका," ओजस म्हणाला. हेही सरावातलंच होतं, गुडघे आबांचे.

आबांनी लाडवांचा डबा पुढे केला. उजव्या सदस्यांनी एक घेतला. शुभाने दोनशे बारा पानांची फाईल टेबलावर ठेवली. चावलेल्या बाह्या, फाटलेल्या वह्या, कोणत्या तारखेला किती वाजता किती वेळ, सगळं रकान्यांत.

"मॅडम, कागद नंतर," मधले सदस्य म्हणाले. "कागदावर काय, कोणीही काहीही लिहितं. आम्ही मूल बघतो."

"तेच म्हणते मी, तुम्ही त्याला दहा मिनिटं बघताय."

"दहा नाही. शिपाई चार तास बघतोय."

निष्कर्ष: 'अर्जदार सलग चार तास अकरा मिनिटे एका जागी शांत बसल्याचे आढळले. संवाद सौजन्यपूर्ण. नजरभेट उत्तम. प्रमाणपत्रास अपात्र.'

बाहेर आल्यावर आबांनी आधी विचारलं, "पास झाला ना?" मग शुभाचा चेहरा पाहून ते काय विचारून बसले ते त्यांच्या लक्षात आलं. रिक्षात ते डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते.

त्या संध्याकाळी ओजसने लिफ्टची अकराच्या अकरा बटणं दाबली, घंटेचंसुद्धा. मग सव्वादोन तास डायनिंग टेबलाखाली, कानांवर हात, शर्टाची बाही दातांत. शुभा टेबलाबाहेर फरशीवर पडून राहिली, त्याचं पाऊल हातात धरून. याची सरकारी नोंद नाही. कार्यालयीन वेळ संपली होती.

अपिलाला पंधरा दिवस होते. 'नवीन पुरावा जोडावा' अशी अट. लिफ्टच्या घंटेची तक्रार घेऊन पाचव्या मजल्यावरची गंधाली, प्रांजलची आई, वर आली, आणि सगळं ऐकल्यावर तक्रार विसरली.

"अगं वेडी आहेस का तू, असं डायरेक्ट कोणी नेतं का? घाटकोपरला देवेश सर आहेत. निदान मार्गदर्शन वर्ग. प्रांजल फर्स्ट अटेम्प्टमध्ये निघाला."

"प्रांजलला काय झालंय?"

"काही नाही गं. टचवूड."

"मग प्रमाणपत्र?"

"दहावी आहे ना यंदा. जादा वेळ मिळतो पेपरला. सगळे करतात, यार. तू आपली खरं मूल घेऊन गेलीस."

देवेश सरांचा वर्ग घाटकोपर स्टेशनसमोर दुसऱ्या मजल्यावर भरत होता. जिन्यात गुणवंतांचे फोटो: आर्यन, अक्षर उलटी काढण्यात प्रथम. सिया, लक्ष विचलित होण्यात विशेष प्रावीण्य. आत चौदा निरोगी मुलं रांगेत बसून, सर सांगतील तेव्हा, खिडकीबाहेर बघत होती. प्रांजल आता तिथे रविवारी ज्युनिअर बॅच घ्यायचा.

प्रवेशाची अट एकच होती. विद्यार्थ्याला दोन तास एका जागी बसता आलं पाहिजे.

ओजस सहा मिनिटं बसला. मग उठला, पंखा बंद केला, परत सुरू केला, परत बंद केला. सर म्हणाले, खिडकीबाहेर बघ. ओजस म्हणाला, बाहेर काही नाहीये. सर म्हणाले, तरी बघ. ओजस म्हणाला, का?

देवेश सरांनी शुभाला बाजूला घेतलं. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण हा मुलगा ऐकत नाही. एका जागी बसत नाही. फोकस नाही. अशा मुलाला मी लक्ष न देण्याचं तंत्र शिकवू तरी कसं? त्यालाही लक्ष द्यावं लागतं."

"हे लिहून द्याल?" शुभाने विचारलं.

सरांनी लेटरहेडवर लिहून दिलं, सहीशिक्क्यानिशी. पाच महिन्यांत शुभाच्या हातात पडलेला हा पहिला खरा कागद होता. तिने तो अपिलाला जोडला.

मंडळाने अपील एका दिवसात निकाली काढलं, हे मान्य केलं पाहिजे. 'सोबतच्या पत्रावरून अर्जदाराचे पालक त्यास प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या वर्गात घेऊन गेल्याचे सिद्ध होते. सबब मूळ अर्जाच्या हेतूबाबतच शंका निर्माण होते. अपील फेटाळण्यात येत आहे.'

शाळेने तो कागद वाचला आणि शाळेला हायसं वाटलं. आत्तापर्यंत ओजस का उठतो, पंखा का बंद करतो, हे कळत नव्हतं. आता शासनानेच सांगितलं होतं की त्याला काही झालेलं नाही. म्हणजे तो हे मुद्दाम करत होता. मुख्याध्यापिका शुभाला म्हणाल्या, "आजारी मुलाला आम्ही कधीच काढलं नसतं हो. पण हा तर नॉर्मल आहे."

शाळा सोडल्याचा दाखला शिस्तीच्या कारणावरून देण्यात आला. वार्षिक अहवालात शाळेने लिहिलं की विशेष गरजा असलेला एकही विद्यार्थी अडचणीत नाही. हे खरं होतं. तसा विद्यार्थीच नव्हता.

मेमध्ये प्रांजलला शहाण्णव टक्के मिळाले. सोसायटीने गेटवर बॅनर लावला, खाली सर्व सभासदांची नावं, त्यात शुभा आणि मिहिरचंही. सत्काराला प्रांजल म्हणाला की वेळेचं नियोजन हेच यशाचं गमक आहे. टाळ्या झाल्या.

ओजस आता घरीच शिकतो. संध्याकाळी सहाला तो स्वतःच आबांचं पॅड आणून त्यांच्या हातात देतो. आबा नको नको म्हणतात आणि मग विचारतात, नाव काय.

ही हकीकत सांगितली की ऐकणारे बराच वेळ हळहळतात. मग निघताना, चपला घालता घालता, आवाज थोडा खाली आणून देवेश सरांचा नंबर विचारतात. तुम्हीही विचाराल, म्हणून आधीच सांगतो. पुढच्या वर्षीची बॅच भरली आहे.

त्या सोमवारी टोकन हातात आल्यावर पाचव्या मिनिटाला ओजस शुभाला म्हणाला होता, "आई, त्या पंख्याचा आवाज माझ्या डोक्यात जातोय, घरी जाऊया." ती म्हणाली होती, "थोडा वेळ शहाण्यासारखा बस, माझ्यासाठी." तो बसला.