कुंडीतलं उत्तर

ताईच्या पत्राला नानांनी उत्तर पाठवलं नव्हतं; पण लिहिलं नव्हतं असं नाही. एकोणीस वेळा लिहिलं होतं. तिने एवढंच विचारलं होतं, की तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या चार कुंड्या जगल्या का, आणि मी कायमची राहायला येऊ का? महिनाअखेरपर्यंत कळव, नाहीतर लेकाकडे जाते. ती यायला हवी, असं नानांना मनापासून वाटत होतं. पण उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला. स्वतःचं पत्र हाती आलं की पहिल्याच ओळीत शंका.

झाडांची मात्र त्यांनी हयगय केली नाही. बाटल्यांच्या झाकणांना भोकं पाडून त्या मातीत उलट्या खोवल्या, जुन्या बनियनच्या वाती बादलीतून कुंड्यांत सोडल्या, आणि ओल टिकावी म्हणून वर भिजवलेल्या कागदांचा थर दिला. घरात कागद कोणते, तर नापास झालेली उत्तरं. नानांचं जसजसं अडत गेलं, तसतशी झाडं तरारत गेली.

महिना संपायला चार दिवस उरले असताना कुंड्या भरून वाहिल्या. खालच्या शिंपीणकाकूंनी गिऱ्हाइकाचं पांढरं कापड वाळत घातलं होतं. त्यावर निळे ठिपके उमटले.

काकू कापड घेऊनच वर आल्या. नानांनी बाटल्या, वाती सगळं क्रमवार समजावलं. निळ्या रंगाशी येऊन जीभ अडखळली. काकूंनी वरचाच, सकाळी घातलेला कागद उचलून वाचला.

"एवढं चांगलं लिहिलंय, आणि मातीत घातलंत?"

"'आनंद' दोनदा आलाय त्यात."

"मग येऊ दे की. एकदाच होणार आहे का तुम्हाला?"

कापडाचं काय, असं नानांनी चाचरत विचारलं. ते धुऊन निघेल, आधी हे पाठवा, म्हणत काकूंनी त्यांना खाली नेलं. कागद टेबलावर पसरला, हाताच्या सवयीने पाणी शिंपडलं आणि वरून गरम इस्त्री फिरवली.

कागद कडक झाला, मजकूर पसरून गेला. वर 'ताई' उरलं होतं, आणि पार तळाशी 'ये'.

काकूंचा चेहरा उतरला. नानांनी चष्मा पुसला, पेन उघडलं, दोन्ही शब्द दोनदा तपासले. पेन मिटलं. मग पाकिटावर पत्ता घालून कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आले.