खाडीराक्षसाची सोयरीक

“अख्ख्या ठाणे जिल्ह्यात खरे मेंदू दोनच,” गुणवंत आरशासमोर मिशी चाचपत म्हणाला. “एक माझा. दुसऱ्याचा शोध चालू आहे.”

नीरजने नेहमीप्रमाणे मान डोलावली. गुणवंत दिवसा एका सरकारी कचेरीत टपालावर शिक्के मारायचा आणि संध्याकाळी गुप्तहेर व्हायचा. त्याच्या दारावर ‘गुप्तहेर’ अशी एवढी मोठी पाटी होती, की मीरा रोडचे रिक्षावाले ‘गुप्तहेर के बाजूवाली बिल्डिंग’ म्हटलं की बरोबर सोडायचे. मागे जवळच्या राई गावातल्या बाळारामची हरवलेली कोंबडी शोधायला तो गेला होता. बाळारामच्या बायकोने, शकूने, त्याला पोटभर जेवू घातलं. कोंबडी काही सापडली नाही. त्या दिवशी रस्सा कशाचा होता, हे त्याला अजून कळलेलं नाही.

समोरच्या ब्लॉकमधला नीरज त्याचा मदतनीस होता, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. पण आज नीरज स्वतःच गिऱ्हाईक होता.

भानगड खेळाची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या रसिकाने एक खेळ रचला होता. प्रत्येकाचा एक वीर, फाशांवर लढाया, आणि मेला तो कायमचा मेला. राक्षस आणि वीर ती मेणबत्त्यांच्या मेणाचे करायची. रोज संध्याकाळी लाइट जायची, त्यामुळे मेणबत्त्यांना तोटा नव्हता. नियमांचं पुस्तकही तीच लिहायची आणि गुणवंतच्या हॉलमध्ये दर रविवारी डाव रंगायचा.

नीरजच्या वीराचं नाव भद्रसेन. ऑफिसात साहेबासमोर नीरजच्या तोंडून आवाज फुटत नसे. भद्रसेन मात्र अजगरासुराला अरे-तुरे करायचा. त्याच्या जिवावर नीरज सोमवार ते शनिवार काढायचा.

आज भद्रसेनला काळखाडीचा पूल ओलांडायचा होता. पुलाच्या एका टोकाला खाडीराक्षस, दुसऱ्या टोकाला वटवाघूळ-राणी. पहिल्या आवृत्तीत दोघांचं हाडवैर होतं. ती भांडत असताना गुपचूप निसटायचं, या हिशेबाने भद्रसेनने ही वाट धरली होती. आणि गेल्या महिन्यात दुसरी आवृत्ती आली: ‘खाडीराक्षस आणि राणी जिवाभावाचे मित्र. सदैव खांद्याला खांदा लावून उभे.’ आज संध्याकाळी तिसरी येणार होती.

“मेला रे माझा भद्रसेन!” नीरज रडकुंडीला आला. “एका महिन्यात वैरी मित्र कसे होतील? रसिकालाच विचारूया का?”

“वेडा आहेस? ती लेखिका, म्हणजे पहिली संशयित! विचारलंस की सावध होईल.” गुणवंतने दोन्ही पुस्तकांवर भिंग फिरवलं. “तर्क एक. परकीय शक्तीचा हात.”

“कुठली परकीय शक्ती?”

“कळली असती तर परकीय राहिली असती का? तर्क दोन. भरती-ओहोटी.”

त्यासाठी आदल्या दिवशी दोघं राईच्या खाडीवर जाऊन आले होते. वटवाघळं पाहायची होती, पण भेटले ते डास. बाळाराम म्हणाला, “वाघळा लय हायत, राक्षस काय न्हाय बगला.” गुणवंतने अर्थ काढला की साक्षीदार फुटला आहे.

“तर्क तीन,” गुणवंतने आवाज खाली आणला. “सोयरीक! राक्षसाच्या घरात लग्न झालंय. आणि लिहून ठेव नीरज, हे काम घरातल्याच माणसाचं आहे.”

“बरोबर. तुमचं,” चहा घेऊन आलेली गुणवंतची बायको, वासंतीवहिनी, म्हणाली.

गुणवंतच्या हातातलं भिंग खाली आलं.

“अहो, खेळाचा डबा गेल्या महिन्यात टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर कोणी ठेवला? तापतो ना तो. राक्षस आणि राणी वितळून एकमेकांना चिकटली. रसिका म्हणाली, राहू दे आता, मैत्री झाली असं लिहून टाकते.”

“हे तुला कुठून कळलं?”

“तिला विचारलं.”

नीरजने डबा उघडला. खरंच, खाडीराक्षस आणि राणी खांद्याला खांदा लावून घट्ट चिकटलेली होती.

“स्टॅबिलायझरने मेण वितळतं? मला मान्य नाही!” गुणवंत उसळला. “प्रयोग करू. दे तो भद्रसेन.” नीरज नको नको म्हणेपर्यंत गुणवंतने भद्रसेन त्याच्या खिशातून काढून डब्यात कोंबला, डबा स्टॅबिलायझरवर ठेवला आणि टीव्ही लावला. मग त्याने उष्णता या विषयावर भाषण सुरू केलं. ते रसिकाने बेल वाजवली तेव्हाही चालूच होतं.

नीरजने धावत जाऊन डबा उघडला. भद्रसेन खाडीराक्षसाच्या छातीशी चिकटला होता. दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली होती. नुसता गुंता झाला होता.

“थांबा, मी सोडवते,” म्हणत वहिनी सुरी घेऊन आली.

रसिकाने तो गुंता उलटसुलट करून पाहिला. मग तिसऱ्या आवृत्तीतली एक ओळ खोडून तिने वर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: “भद्रसेन हा खाडीराक्षसाचा लहानपणी जत्रेत हरवलेला धाकटा भाऊ.”

“म्हणजे पूल?” नीरजने विचारलं.

“सख्ख्या भावाला कोण खातं रे? जेवूनच जा म्हणेल.”

“बघ! सोयरीक!” गुणवंत टाळी वाजवून ओरडला. “तर्क तीन!”

तेवढ्यात वहिनीची सुरी मेणाला टेकली.

“ए! हात लावायचा नाही त्याला!”

आवाज अख्ख्या जिन्यात घुमला. वहिनीची सुरी जागच्या जागी थांबली. आवाज नीरजचाच होता.

“हे उद्या ऑफिसात जमेल का?” रसिकाने विचारलं.

नीरजने भावाच्या मिठीतल्या भद्रसेनकडे पाहिलं. “साहेबाला सांगतो,” तो म्हणाला, “माझा भाऊ राक्षस आहे.”