नऊ रेघांची चोरी

"माझ्या नजरेतून सुटेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आणि जन्माला आलाच, तर त्याच्या जन्माची वेळ मी त्याच्या बुटांवरून सांगेन."

एमरिस प्रोबर्ट स्वतःची ओळख अशी करून देतो. ऐकणारा नवखा असला तर दबतो. आमच्या खोऱ्यात नवखे कोणी नाही. प्रोबर्टने एकतीस वर्षे बसमध्ये तिकिटे तपासली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्या काळात त्याने फुकटे म्हणून तिघांना पकडले: एक पाद्री, एक मेंढी आणि स्वतःची सासू. तिघांचीही तिकिटे निघाली. मेंढीचेसुद्धा.

मी त्याचा मदतनीस, इड्वल. आयुष्यभर वाचनालयात बसलो. माझे मत कोणी विचारले, तर ते खरेच माझे आहे की कुठे वाचलेले आहे, याचीच मला आधी शंका येते. असा मदतनीस प्रोबर्टसारख्याला फार सोयीचा.

आमच्याकडे गॅसची नळी आलेली नाही. प्रत्येक घरामागे तेलाची टाकी, आणि त्या तेलावर घर तापवणारा बॉयलर. एकट्या घरासाठी टँकर हा चढ चढायला कुरकुरतो आणि भाव अव्वाच्या सव्वा लावतो. म्हणून सगळे गाव क्लब करून एकत्र तेल मागवते. क्लबचा अध्यक्ष अर्थातच प्रोबर्ट. त्या पदासाठी दुसरे कोणी उभे राहिले नव्हते. प्रोबर्ट याला लोकप्रियता म्हणतो.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी क्लेमंट बेव्हन मुलीकडचा दहा आठवड्यांचा मुक्काम संपवून कार्डिफहून परतला आणि तासाभरात दाणदाण पाय आपटत प्रोबर्टच्या दारात उभा राहिला.

"चोरी! निघालो तेव्हा टाकी भरलेली होती. घराला कुलूप, बॉयलर बंद. आणि आज स्वयंपाकघरातल्या डबीवर दहापैकी एकच रेघ उरली आहे!"

ही डबी म्हणजे क्लबने सप्टेंबरात घाऊक घेतलेले यंत्र. एक तुकडा टाकीच्या झाकणावर बसतो, तेलाची पातळी मोजतो आणि आतल्या डबीला बिनतारी कळवतो. बाहेर थंडीत जायला नको. चहा पिता पिता रेघा मोजाव्यात.

आम्ही बेव्हनच्या परसात गेलो. प्रोबर्ट चिखलात गुडघ्यांवर बसला.

"बुटाचा ठसा! माणूस जाडा, गर्विष्ठ आणि डाव्या पायाने किंचित फेंगडा."

"एमरिस, तो तुमचाच आहे. आत्ताचाच."

"म्हणजे चोर माझ्याच मापाचे बूट घालतो. लिहून घे."

मी लिहून घेतले. पुढच्या पाऊण तासात शहरातली टोळी, भोक पाडणारा बिज्जू आणि बेव्हनची कार्डिफमधली जळकी मुलगी असे तीन गुन्हेगार ठरले आणि सुटले. मला राहवले नाही. "टाकीत एकदा काठी बुडवून पाहू या का?" मी विचारले.

प्रोबर्टने माझ्याकडे कीव येऊन पाहिले. "यंत्र असताना काठी? इड्वल, तू अजून दिवाबत्तीच्या काळात राहतोस."

राहतही असेन. मी तेही लिहून घेतले.

भिंतीपलीकडचे घर ग्वेनेथ प्रॉसरबाईंचे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्यांच्या धुराड्यातून वाफ निघत होती. स्वयंपाकघरात छान ऊब होती. आणि भिंतीजवळच्या डबीवर पूर्ण दहा रेघा होत्या.

प्रोबर्टचा आवाज एकदम मऊ झाला. तिकीट मागण्याआधी तो असाच मऊ व्हायचा.

"बाई, बॉयलर रोज चालतो?"

"न चालवला तर समजावू कोणाला? या हाडांना?"

"दहा आठवडे चालतो. आणि तेल थेंबभरही कमी होत नाही?"

"यंत्र तुम्हीच बसवलंत. मला वाटलं, तुमची कृपा."

"तिकडे नऊ रेघा गेल्या, इकडे एकही नाही. बाई, तेल भिंतीपलीकडून कसं आणता?"

"किटलीने."

"किटली केवढी आहे?"

प्रॉसरबाईंनी माझ्याकडे पाहिले. "इड्वल, हे खरंच विचारतायत?"

मी होकारार्थी मान हलवली. मला लाज वाटली. पण लाज वाटणे आणि तोंड उघडणे यांत माझ्या बाबतीत नेहमीच बरेच अंतर राहिले आहे.

प्रोबर्टने जागच्या जागी निकाल दिला: प्रॉसरबाईंचे नाव क्लबातून खोडले.

बाई हळूच खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "एकटीसाठी टँकर मला परवडणार नाही. मला दूर स्विंडनला मुलाकडे जावं लागेल. पंचावन्न वर्षं राहिले हो या घरात."

"विचार चोरीआधी करायचा असतो," प्रोबर्ट म्हणाला आणि जाता जाता त्यांच्याच बशीतला मनुकांच्या केकचा तुकडा उचलला.

सोमवारी सकाळी टँकर आला. यानंतरची फेरी थेट जानेवारीच्या शेवटी. बेव्हनने सहाशे लिटर मागवले होते. टँकर चालवणाऱ्या डिलिसने नळी ओढत परसात नेली. प्रोबर्ट बेव्हनला गुन्हेगारी मनावर व्याख्यान देत होता. तेवढ्यात डिलिसने हाक मारली.

"अहो, ओतू कुठे? टाकी तुडुंब आहे!"

बेव्हनचा जबडा खाली आला. प्रोबर्टचा मात्र जागचा हलला नाही.

"जे अपेक्षित होतं तेच," तो म्हणाला. "माझा धसका. बाईंनी रातोरात सगळं तेल परत आणून ओतलं!"

"त्या किटलीने?" मी विचारले. हे मी मोठ्याने बोललो, हे मला नंतर कळले.

त्याच वेळी प्रॉसरबाई कोट घालून भिंतीशी आल्या. ओठ निळे पडले होते. "डिलिस, पोरी, जरा बघतेस का? पहाटेपासून बॉयलर बंद आहे. डबीवर दहा रेघा, आणि घराचा बर्फ झालाय."

डिलिस पलीकडे गेली आणि तिने बाईंच्या टाकीवर थाप मारली. रिकाम्या पिंपासारखा आवाज घुमला. तिने दोन्ही झाकणांवरची यंत्रे पाहिली, बाईंच्या टाकीवरचे काढून, तोंड आभाळाकडे करून भिंतीवर ठेवले आणि बेव्हनला म्हणाली, "आत जाऊन तुमची डबी बघा."

आतून आवाज आला, "शेवटची रेघ होती, तीही गेली! भलतंच काहीतरी दाखवतेय!"

"ही दोन यंत्रं बसवली कोणी?" डिलिसने विचारले. "प्रत्येक यंत्र आपल्याच डबीशी बोलतं. ह्यांची अदलाबदल झालीय. बेव्हनसाहेबांची डबी दहा आठवडे बाईंची टाकी दाखवतेय, आणि बाईंची डबी त्यांची."

सगळ्यांनी प्रोबर्टकडे पाहिले. मी माझ्या बुटांकडे. सप्टेंबरात दोन्ही खोकी त्याने याच भिंतीवर एकदम उघडली होती, आणि स्क्रू मी धरले होते. दोन्ही टाक्या तेव्हा भरलेल्या, म्हणून दोन्ही डब्यांवर रेघाही सारख्याच होत्या. तेव्हाच मला शंका आली होती. पण मला शंका कशाचीही येते.

"याचा अर्थ," प्रोबर्ट म्हणाला, "चोरी झालीच नाही, हे मी सिद्ध केलं."

डिलिस बेव्हनकडे वळली. "बेव्हनसाहेब, तुमच्या नावचं तेल इकडे टाकू?"

"टाक, टाक," बेव्हन म्हणाला. मग टोपी काढून भिंतीवरून वाकला. "बाई, मी तुम्हाला चोर समजलो."

"समजलात खरं. आता निदान त्या बॉयलरकडे बघा."

टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, ती काढावी लागते. डिलिसने ती काढली, बेव्हनने बादली धरली, मी पाना दिला. प्रोबर्ट उबेसाठी सर्वांत मोक्याची खुर्ची पकडून बसला. तासाभराने बॉयलर एकदा खोकला आणि सुरू झाला.

"प्रॉसरबाई," प्रोबर्ट वही उघडून म्हणाला, "क्लब तुम्हाला मोठ्या मनाने परत घेत आहे."

बाईंनी चार कप मांडले. खोलीत आम्ही पाच जण होतो.

"प्रोबर्ट," त्या म्हणाल्या, "उठा. ती खुर्ची इड्वलची आहे."

प्रोबर्टने माझ्याकडे पाहिले. मी नेहमीप्रमाणे 'असू दे, असू दे' म्हणणार होतो. शब्द ओठांवर आलेही होते.

मी बसलो.