सॉरीचं मूळ

सुट्टीच्या दिवशी बायकोला घरकामात मदत करावी, असं एकदा माझ्या मनात आलं. (असले विचार मनात येताच माणसाने पांघरूण ओढून पुन्हा झोपावं, हे मला आता कळलंय.) ती बाहेर गेली होती. ओट्यावर तिचा लोखंडी तवा, काळाकुट्ट. मी बाह्या सरसावल्या, तारेची घासणी घेतली आणि घाम गाळून तो लख्ख करून टाकला.

ती आली. तव्याकडे बघतच राहिली.

"अहो, लग्नापासून तेल पाजून पाजून तयार केला होता मी तो! आता सगळं चिकटणार त्याला," एवढंच म्हणाली. डोळ्यांत पाणी.

त्यानंतर घरात चकार शब्द नाही. तिचा राग मला चालतो, सवय आहे. अबोला मात्र नाही सोसत.

"बाबा, सरळ सॉरी म्हणून टाका ना," मुलगी कुजबुजली.

आता मी पडलो कचेरीत मसुदे तपासणारा कारकून. अर्थाची खात्री केल्याशिवाय मी शब्द पुढे सरकवत नाही! कपाटावरचा जाडजूड इंग्रजी कोश काढला, धूळ झटकली आणि बायकोसमोर जाऊन बसलो. ती भाजी निवडत होती.

"अगं, सॉरी हा फार जुना शब्द. मुळात अर्थ, वेदनेने भरलेला. लोकांना वाटतं, तो सॉरो म्हणजे दुःख, त्यावरून आला. साफ चूक! त्याचं नातं सोअरशी, म्हणजे ठणकणाऱ्या जखमेशी."

"बरं," ती म्हणाली.

बोलली! मग मी थांबतोय कसला? आता कुणाला धक्का लागला तरी सॉरी, ऐकू आलं नाही तरी सॉरी, बिचारा शब्द कसा झिजत गेला ते सगळं सविस्तर सांगितलं. तेवढ्यात भाजी निवडून झाली, चिरून झाली, शिजतही आली.

"समजलं सगळं," ती शेवटी म्हणाली. "फक्त एक राहिलं."

"काय? उच्चार?"

"म्हणायचं राहिलं."

मी कोश मिटला.

"सॉरी गं. चुकलंच माझं."

तिने तवा माझ्या हातात ठेवला. "रोज तेल लावायचं, तापवायचं, पुसायचं. पुन्हा काळा होईपर्यंत."

परवा शेजारच्या काकू दारात आल्या. मी आत धुरात, तेलकट हातांनी खोकत उभा.

"बाबा काय करतायत गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"सॉरी म्हणतायत," ती म्हणाली. "अजून बरंच बाकी आहे."